चोर्ला चढून अनमोडने उतरायचंय, रोड सायकलवर : दिशा, गिअर आणि वाटेतली जुनी ठिकाणं

म्हापसेकर

सगळ्यांना नमस्कार. मी म्हापशाचा, वय ३४. रविवारी पर्रा-साळगाव करून आग्वादपर्यंत जातो, वेळ असला तर हरमलच्या बाजूने तेरेखोलपर्यंत. एका दिवसात शंभर किलोमीटर जमतात, पण हे सगळे किनाऱ्याचे रस्ते. चढ म्हटला तर पर्वरीचा किंवा आग्वादचा. सह्याद्रीचा घाट अजून सायकलवर चढलेलो नाही.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूरहून माझी आतेबहीण येते आहे. ती करूळ घाट चढणारी, तिला माझ्यापेक्षा अनुभव जास्त. दोघांनी मिळून दोन दिवसांची फेरी ठरवली आहे. पहिल्या दिवशी पणजी, साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी आणि खानापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा, पणजी. नकाशावर सगळं मिळून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर भरतं.

माझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं, मागे ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चक्रांचा संच, टायर २५ मिमी, ब्रेक रिमचे. तिच्या सायकलला मागे ११-३४ आणि डिस्क ब्रेक. विचारायचं असं की दिशा हीच ठेवू की उलटी? माझे गिअर पुरतील का? आणि आम्हा दोघांना जुन्या देवळांची, किल्ल्यांची ओढ आहे, तेव्हा रस्त्याला लागून काय पाहता येईल? घरी आई काळजीत आहे, तिला घाटातली जनावरं आणि ट्रक दिसतात. तिला काय सांगू तेही सांगा.

साखळीकर

दिशा तुम्ही बरोबर धरली आहे, तीच ठेवा. अनमोड हा राष्ट्रीय महामार्ग. मालाचे ट्रक त्याच वाटेने बेळगाव-हुबळीकडे जातात. तो घाट ताशी आठ-नऊच्या वेगाने चढायचा म्हणजे तास-दीड तास भरलेल्या ट्रकांचा धूर खात बसणं. उतरताना मात्र तुम्ही आणि ट्रक जवळपास एकाच वेगाने असता, मागून कोणी घाई करत नाही. चोर्ल्याला वाहनं असतात, पण छोटी जास्त, आणि सावली भरपूर. चढायला चोर्ला, उतरायला अनमोड.

पण पणजी कशाला? तुम्ही म्हापशाचे. अस्नोड्यावरून सरळ डिचोली गाठा. रस्ता हळूहळू उंचसखल होत जातो, पाय गरम होतात, आणि पुलांवरची गर्दी टळते. आतेबहिणीला मांडवी दाखवायची असेल तर ती वेगळ्या दिवशी दाखवा : जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्वे. तो रस्ता सायकलसाठी गोव्यातला सगळ्यात सुंदर आहे असं माझं ठाम मत आहे.

आता माझं खरं म्हणणं. दोन दिवसांचे तीन करा, आणि वाढवलेला दिवस घाटाच्या खाली घाला, वर नको. तुम्ही देवळं आणि किल्ले म्हणता. ते माथ्यावर नाहीत. घाट ही जायची-यायची वाट होती. खालून मीठ वर जायचं, वरून धान्य खाली यायचं. बैलांचे तांडे पायथ्याला थांबायचे, पायथ्यालाच जकात, बाजार, देऊळ आणि राजाची माणसं. म्हणून जे काही उभं आहे ते नार्वे ते केरी या पट्ट्यात आहे. बहुतेक सायकलवाले पहाटे दिवे लावून हा पट्टा मागे टाकतात, चोर्ल्यावर फोटो काढतात आणि उन्हं चढायच्या आत परत येतात. व्यायाम होतो, पण प्रदेश कळत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

पहिला दिवस असा करा. डिचोलीहून आधी नार्व्याला वळा, मयेंच्या बाजूने. श्री सप्तकोटेश्वर हे कदंबांचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याचं, आराध्य दैवत, मूळ स्थान दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ मोडलं आणि देव नदीपलीकडे इथे आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. राज्य सरकारने अलीकडे पुन्हा डागडुजी केली आहे. घुमट, दीपस्तंभ, आणि गाभारा असा की मागची जांभ्या दगडाची टेकडी अंगावर येते. अर्धा तास ठेवा.

आणि एक गोष्ट बहिणीला आवर्जून सांगा, कारण घाटावरच्या लोकांना गोव्याची ही बाजू ठाऊक नसते. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले, तिथली देवळं पाडली गेली. डिचोली, सत्तरी, पेडणें त्यांच्या ताब्यात आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर देवळं मोडायचं धोरण मागे पडलं होतं. म्हणून नव्या काबिजादीत, म्हणजे या नंतर गेलेल्या तालुक्यांत, शिरलं की रस्त्याची दोन्ही अंगं बदलतात. सायकलवर हा बदल जितका स्पष्ट जाणवतो तितका गाडीतून जाणवत नाही.

नार्व्याहून परत डिचोली, मग हरवळें. जांभ्यात कोरलेल्या गुंफा, त्यांत शिवलिंगं. लोक पांडवांच्या म्हणतात. शेजारी रुद्रेश्वर आणि धबधबा. डिसेंबरात धार बारीक झालेली असते, पण असते. तिथून साखळी जवळ. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठचं विठ्ठलाचं देऊळ चुकवू नका, सत्तरीच्या राणे सरदारांच्या घराण्याचा त्या देवळाशी जुना संबंध. साखळीत दुपारी पातळ भाजी आणि उंडो (गोव्याचा गोल पाव) खा, आणि रात्री इथेच किंवा केरीला थांबा. मग दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी घाट.

गिअरचं. ३४ पुढे आणि २८ मागे असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी नऊ किलोमीटर. चोर्ल्याचा सरासरी चढ चार-पाच टक्क्यांचा आहे, तिथे हा वेग बऱ्यापैकी तयारीच्या माणसाला राखता येतो. अडचण वळणांत. काही वळणांच्या आतल्या बाजूला चढ एकदम दुप्पट होतो, आणि मग फेरे पन्नासच्या खाली उतरतात, गुडघे बोलू लागतात. मागे ३४ दात असले तर तीच साठ फेऱ्यांची लय ताशी साडेसातला ठेवता येते. तेव्हा कॅसेट बदला. मात्र आधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बघून घ्या. आखूड पिंजऱ्याचा असेल तर तो २८-३० च्या पुढे जात नाही, मध्यम पिंजऱ्याचा घ्यावा लागेल आणि चेनही लांब. दुकानात विचारल्याशिवाय नुसती कॅसेट विकत घेऊ नका.

केरी सोडली की पहिला टप्पा झाडीतून, मग एका बाजूला अंजुणे धरणाचं पाणी दिसू लागतं. ते दिसलं की घाई करू नका, चढ अजून बराच आहे. पायथ्यापासून माथा जवळजवळ सातशे मीटर वर. नाडीची घड्याळं वगैरे ठीक, पण साधी कसोटी अशी की बोलताना वाक्य पूर्ण करता येतंय का. येत नसेल तर गिअर उतरवा.

केरीची बाई

साखळीकर दादांनी सगळं नीट सांगितलं आहे, मी गावची म्हणून चार गोष्टी घालते. मी केरीला शाळेत शिकवते.

पहिली गोष्ट नकाशाची. गोव्यात केरी तीन आहेत. एक आमची सत्तरीची, एक पेडण्याची समुद्राकाठची, एक फोंड्याची. फोनवर नुसतं केरी टाकलं आणि माणूस तेरेखोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, असं पाहुण्यांचं होतं. केरी सत्तरी असं लिहा, किंवा अंजुणे धरण टाका.

दुसरी, निघायची वेळ. पहाटे पाचला अंधारात घाटात शिरू नका. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, वळणावर समोर उभा गवा दिव्याच्या उजेडात कळतच नाही. आजूबाजूचं रान म्हादई अभयारण्याचं आहे, १९९९ साली जाहीर झालेलं, दोनशे चौरस किलोमीटरांहून मोठं. ते त्यांचं घर आहे. नीट उजाडल्यावर, साडेसहा-पावणेसातला निघा. डिसेंबरात दरीत धुकं असतं, ते फाटायला वेळ लागतो, पण वर जाता जाता तुम्ही त्याच्या बाहेर पडता. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आईंना सांगा की गवा सहसा आपणहून अंगावर येत नाही, त्याला वाट द्यायची असते. दिसला तर थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा, घंटी वाजवू नका. तो जातो.

माकडांना काही देऊ नका आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. केळं दिसलं की झालं.

पाणी केरीतच भरून घ्या, दोघांनी दोन-दोन बाटल्या. मध्ये घाटात दुकानाच्या भरवशावर राहू नये. आणि शनिवार-रविवार टाळा. बेळगावहून गोव्याला येणाऱ्या गाड्यांची रांग असते, खाली उतरताना वळणावर ओव्हरटेक करतात. मंगळवार-बुधवार सगळ्यात शांत.

साखळीकर दादा राणे म्हणाले, पण नाणूसचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते मी घेते. वाळपईजवळ म्हादईच्या बाजूला नाणूसचा किल्ला. १८५२ साली दीपाजी राणे यांनी तो घेऊन पोर्तुगिजांविरुद्ध बंड उभं केलं, ते १८५५ पर्यंत चाललं. आता तटाचे अवशेषच आहेत, फोटोला फार काही मिळणार नाही. पण या डोंगरांची वाट ज्यांना माहीत होती त्यांच्यापुढे सैन्याचं काही चाललं नाही, हे तुम्ही घाट चढताना आपोआप समजाल. आमची मुलं हा इतिहास घरच्यांकडून ऐकतात. तुमच्या तीन दिवसांत वाळपई बसत नाही, ती पुढच्या वेळेला ठेवा, शक्यतो शिगम्याच्या दिवसांत. घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोड्यांचा नाच, बघायला मिळेल, आणि मार्च-एप्रिलात नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रसही.

केपेंकार

मी दक्षिणेचा, म्हणून माझी शिफारस दक्षिणेची. म्हापसेकर, चोर्ल्याच्या आधी एक रविवार केपें-सांगे भागात काढा. घाट नाही, पण लहान लहान चढउतार दिवसभर पाय सोडत नाहीत. गिअर पुरतात की नाही याची परीक्षा घरापासून लांब, माथ्याच्या निम्म्यावर होण्यापेक्षा इथे झालेली बरी.

मडगावहून चांदर. ते चंद्रपूर, कदंबांची जुनी राजधानी. तिथून पारोडा आणि चंद्रेश्वर भूतनाथाचा डोंगर. साडेतीनशे मीटरच्या आसपास उंची, रस्ता देवळाच्या जवळपर्यंत, आणि चढ चोर्ल्याहून खडा. इथे तुमचे २८ दात कमी पडले तर कॅसेट बदलायची हे नक्की झालं. वरून साष्टीची शेतं आणि समुद्र एका नजरेत येतात.

मग केपें, जांबावलीचं दामोदराचं देऊळ, आणि कुशावतीच्या कडेकडेने रिवण. रिवणला बौद्धकालीन मानली जाणारी गुंफा आहे, शेजारी झऱ्याचं पाणी. तिथून कोळंब करून उसगाळीमळ. नदीच्या काठी सपाट जांभ्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत : बैल, हरणं, माणसं, आणि एक चक्रव्यूहासारखी वर्तुळाकार आकृती. गावच्यांना ती पूर्वापार ठाऊक होती, अभ्यासकांपर्यंत १९९३ साली पोहोचली. पावसाळ्यात नदी फुगली की त्यांच्यावर पाणी आणि गाळ असतो, डिसेंबरात स्वच्छ दिसतात. बूट काढून बाजूने चाला. सायकलच्या बुटांखालच्या क्लीटने जांभा खरवडतो, तेवढं कराच.

एक धोक्याची सूचना. काणकोणला जायचा मोह झाला तर करमल घाटातून रोड सायकल नेऊ नका. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, बस-ट्रक भरधाव. बेतूल, काब द राम, आगोंदचा किनाऱ्याचा रस्ता घ्या. चढ तिथेही दमवतात, पण मागे बघत बसावं लागत नाही.

म्हापसेकर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं, ती म्हणते तीन दिवसच करूया. या रविवारी चंद्रेश्वर करून गिअर ठरवतो. अस्नोड्याचा रस्ता मला सुचायलाच हवा होता.

दोन शंका उरल्या. माथ्यावरून खानापूरपर्यंत कसं आहे? आणि तिसऱ्या दिवशी अनमोड उतरल्यावर तांबडी सुर्ला बसवता येईल का? रिम ब्रेकवर त्या उताराची मला खरी धास्ती आहे.

साखळीकर

माथ्यानंतर पठार आहे, सपाट मात्र नाही. कणकुंबीपर्यंत हलके चढउतार, मग जांबोटीकडे रस्ता मोकळा होत जातो. कणकुंबीला थांबाच. मलप्रभा तिथे उगम पावते, माउलीच्या देवळाजवळ. ती पूर्वेला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच गावाच्या दुसऱ्या अंगाला कळसा ओहोळ, तो म्हादईला मिळतो, आणि म्हादई म्हणजे पणजीला पोचलेली आपली मांडवी. एकाच गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. म्हादईचं पाणी वळवायचा वाद आपण वर्तमानपत्रात इतकी वर्षं वाचतो. त्या जागी स्वतः उभं राहिलं की नकाशावरची रेघ पायाखाली येते. मला तरी या संपूर्ण फेरीत कणकुंबी सगळ्यात मोलाची वाटते, देवळांच्याही वर. भाषेची अडचण नाही. जांबोटी-खानापूरला मराठी घरोघरी बोलतात.

थंडी मात्र जाणवेल. घाट चढून घामाने भिजलेलं अंग आणि वरचा वारा, म्हणून एक पातळ वाऱ्याचं जाकीट खिशात ठेवा.

आता अनमोड. रिम ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, आतल्या ट्यूबमधली हवा तापते, आणि ट्यूब फुटू शकते. तेव्हा धरून ठेवायचं नाही. सरळ पट्टीवर दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवा, मग पूर्ण सोडा, वळणात ब्रेकशिवाय शिरा. वळणाच्या आत ब्रेक लावायची वेळ आली तर वेग आधीच जास्त होता असं समजा. हात ड्रॉप्सवर, हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, ठेवा, म्हणजे ब्रेकवर जोर पुरेसा येतो. ब्रेकचं रबर घरून निघण्यापूर्वी बदला, जुनं कडक झालेलं रबर नुसतं घासतं. २५ चे टायर चालतील, पण फ्रेममध्ये २८ मावत असेल तर २८ घाला आणि हवा थोडी कमी ठेवा. कडेला वाहून आलेली बारीक खडी असते, तिच्यावर कडक टायर सुटतो. मध्ये दोनदा थांबून बोट लावून रिम बघा. चटका बसला तर पाच मिनिटं थांबा. बहिणीला पुढे सोडा, तिची रेषा तुम्हाला धरता येईल, आणि दोघांत निदान चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा.

तांबडी सुर्ला नक्की बसतं. मोलेला उतरून साकोर्डा-बोळकर्ण्याच्या बाजूने आत जायचं, रस्ता रानातून, वाहनं तुरळक. बाराव्या-तेराव्या शतकातलं कदंबकाळचं महादेवाचं देऊळ, लहानसं, पण बघत राहावं असं. गोव्यातली जुनी देवळं जांभ्याची, हे काळ्या बेसाल्टचं. तो दगड आपल्याकडचा नाही, घाटावरून खाली आणला असं मानतात. तुम्ही सकाळी नुसत्या ब्रेकच्या काळजीत जो डोंगर उतरून येणार, तसाच एखादा डोंगर उतरवून हे खांब आणि छताची कोरीव कमळं आणली. छत मान वर करून बघा, आणि एका खांबाच्या पायाशी हत्ती घोड्याला तुडवतोय ते शिल्प शोधा. शिखर अपुरं आहे. मागे नदी वाहते, तिथे पाय बुडवून घ्या. दर्शनाच्या कपड्यांचं भान म्हणून सायकलच्या चड्डीवर नेसायला लुंगी किंवा साधी पँट बरोबर असू दे.

मोले ते फोंडा हा शेवटचा भाग मला आवडत नाही. धारबांदोडा, उसगावच्या तिस्कापर्यंत ट्रक असतात, रस्त्यावर लाल धूळ. दुपारी तीनच्या आत हा तुकडा पार करायचा बेत ठेवा. पाय उरलेच तर खांडेपारला नदीकाठच्या कोरीव गुंफा आहेत, रस्त्यापासून थोड्या आत. पण थकला असाल तर सोडून द्या, त्या फोंड्याहून एखाद्या सकाळी आरामात होतात. फोंड्यात कोणाला तरी गाडी घेऊन बोलावलंत तर उत्तम. तिथून म्हापशापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत सायकल चालवण्यात काही मिळवायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अनमोड वाहतुकीला खुला आहे ना ते मोलेच्या चौकीवर विचारून घ्या. पावसात तिथे दरडी पडतात, रस्ता खचतो, आणि दुरुस्ती कधी कधी डिसेंबरपर्यंत लांबते. बंद असेल तर खानापूरहून त्याच वाटेने परत चोर्ला उतरा, आणि तांबडी सुर्ला वेगळं करा. साखळीला पोचायच्या दिवशी इथे निरोप टाका, हरवळ्यापासून विठ्ठलापूरपर्यंत मी सायकल घेऊन तुमच्याबरोबर येतो.

केरीची बाई

आणि बुधवारी आलात तर शाळेसमोर दोन मिनिटं थांबा. आमच्या सातवीच्या मुलांना तुमच्या बहिणीला करूळ घाटाबद्दल विचारायचं आहे, मी आजच त्यांना सांगितलं.